शेवटचा हात साहेबांचा

"तो शेवटचा बोल्ट राहू दे गा. साहेबाले कसू दे."

हे ग्राउंडवाले काका वेल्डरला म्हणाले. मी गळ्यात कॅमेरा अडकवून गोलपोस्टच्या मागे उभी होते, त्यामुळे मला ऐकू आलं.

"साहेबाले कसता येते का?" वेल्डरने विचारलं. तो पोस्टसोबत कळमेश्वरहून आलेला, नवा माणूस.

"कसता नाही आलं तरी फोटो येते," काका म्हणाले. मग त्यांना मी दिसले आणि ते उगीच खोकले.

नवे गोलपोस्ट त्याच सकाळी ट्रकमधून उतरले होते. आमच्या क्लबच्या अध्यक्षांचा कळमेश्वरला पाइपांचा कारखाना आहे, तिथे ते बनवून घेतले होते. चार माणसांनी उचलून हवे तिथे ठेवता येतील असे. उचलता येणारी वस्तू उलटूही शकते, म्हणून त्यांची मागची पट्टी दोन्ही टोकांना जमिनीत ठोकलेल्या लोखंडी खुंट्यांना बोल्टने बांधायची असते. बाकी सगळे बोल्ट कसून झाले होते. वेल्डरने शेवटचा नुसता भोकात घातला, बोटांनी दोन वेढे दिले आणि पाना गवतावर ठेवून दिला, पाहुण्याच्या ताटाशेजारी चमचा ठेवावा तसा. मग आम्ही सगळे साहेबांची वाट पाहत उन्हात उभे राहिलो.

आमच्याकडे हीच पद्धत होती. प्रत्येक कामाचा शेवट साहेबांसाठी राखून ठेवायचा.

साहेबांचं नाव मी इथे लिहीत नाही. नागपुरात फुटबॉल बघणाऱ्यांना ते न सांगता कळेल, आणि बाकीच्यांना सांगून काही उपयोग नाही. ते एके काळचे स्ट्रायकर. इथल्याच एका मोहल्ल्यात अनवाणी खेळून मोठे झाले, मिसरूड फुटायच्या वयात कोलकात्याच्या एका क्लबने नेले, तिथे काही हंगाम आणि गोव्यात काही हंगाम काढले, गुडघा गेला, परत आले. मी त्यांना पाहिलं ते आमच्या क्लबचे मुख्य कार्यकारी अधिकारी म्हणून. आता ते दुसऱ्या राज्यात याहून मोठ्या क्लबचे सल्लागार आहेत असं ऐकते, आणि मला त्याचं आश्चर्य वाटत नाही. त्यांच्या कार्डावर 'माजी आंतरराष्ट्रीय खेळाडू' असं ठसठशीत इंग्रजीत छापलेलं होतं आणि त्याखाली, मुंगीएवढ्या अक्षरांत, 'शिबिर'. म्हणजे देशाच्या संघाच्या सराव शिबिराला त्यांना एकदा बोलावलं होतं आणि तिथून घरी पाठवलं होतं. ती मुंगी अध्यक्षांनी आग्रहाने छापून घेतली, असं ऑफिसात सांगत.

मी तिथे मीडिया एक्झिक्युटिव्ह होते. फोटो काढायचे, क्लबच्या पेजवर टाकायचे आणि ई-मेलने जाणारी इंग्रजी पत्रं लिहायची. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, म्हणून पत्रं माझ्याकडे. बोलायची वेळ फारशी येत नसे आणि मला त्याचं दुःख नव्हतं. सीनियर टीमची मुलं पाठीमागे मला 'म्यूट मॅडम' म्हणायची. न बोलणाऱ्या माणसासमोर लोक मोकळे वागतात. अध्यक्ष आले की साहेब वेगळे असत. माझ्यासमोर ते जसे होते तसेच असत, टेबलावर एखादी वस्तू ठेवलेली असावी आणि तिच्यासमोर कोणी दात कोरावेत, तसे.

त्यांचा कंगवा सॉक्समध्ये असायचा. खेळायच्या दिवसांत तो शिन-गार्डच्या मागे खोचलेला असे, हे ते अभिमानाने सांगत. आता शिन-गार्ड गेलं, फॉर्मल पँट आली, कंगवा तिथेच राहिला. फोटो म्हटलं की ते खाली वाकत, पँट घोट्याच्या वर ओढत, कंगवा काढत, केस मागे फिरवत आणि परत खोचत. एकदा अध्यक्षांनी विचारलं की मॅच चालू असताना कंगवा काढायला वेळ कसा मिळायचा. साहेबांना प्रश्नच कळला नाही. "बॉल आपल्या हाफमध्ये असताना मी तिकडे एकटा काय करणार?" ते म्हणाले.

गोल ते मारत, हे खोटं नाही. कसे मारत, ते त्यांच्याच तोंडून कळलं, कारण कोलकात्याच्या एका गोलाची गोष्ट ते दर आठवड्याला कोणाला ना कोणाला सांगत. डावीकडून धावणारा एक मणिपुरी खेळाडू अर्ध्या मैदानातून निघाला. वाटेत येईल त्याला चुकवत गेला, शेवटी कीपरलाही बसवलं आणि रिकाम्या गोलात चेंडू ढकलला. चेंडू रेषेकडे निघाला होता. तेवढ्यात साहेब कुठूनसे आले आणि त्याला रेषेवर बोट लावावं तसा पाय लावला.

"बेटा, बॉल जात होता," ते सांगत. "पण गेला नव्हता. जात होता आणि गेला याच्या मधे जी जागा असते ना, तिथे मी राहतो."

मी एकदा, खूप धीर करून, त्या मणिपुरी खेळाडूचं नाव विचारलं. क्लबच्या पेजवर गोष्ट लिहायची होती. साहेबांनी छताकडे पाहिलं. "होता एक," ते म्हणाले. "भागता अच्छा था."

त्या गोष्टीचा शेवट ठरलेला असे. एक बोट वर. "गोल कोणाच्या नावावर लागतो? शेवटचा पाय ज्याचा."

माणसं तरुणपणी जे शिकतात त्यावर उरलेलं आयुष्य काढतात. साहेब मैदानावर जे शिकले ते त्यांनी ऑफिसात आणलं. मीटिंगमध्ये ते बसत नसत. दाराजवळ उभे राहत, खांदा चौकटीला टेकवून, आणि गप्प. बाकीचे भांडत, कागद मागवत, फोन करत. चर्चा संपत आली, सगळ्यांना एकच गोष्ट पटू लागली, अध्यक्ष मान हलवण्याच्या बेतात आले की साहेब दारापासून सुटत आणि तीच गोष्ट मोठ्या आवाजात म्हणत. अध्यक्ष म्हणत, बरोबर बोलले. ते बरोबर वेळेला येत, हे मला मान्य करावं लागतं. तेवढं त्यांना येत होतं.

माझ्या टेबलाशीही तेच. पत्र मी लिहायचे, तपासायचे, पत्ते घालायचे. मग ते मागून येत, माझ्या खांद्यावरून वाकत, शेवटी स्वतःचं एक वाक्य घालायला लावत आणि पत्र पाठवायचं एंटरचं बटण स्वतःच्या बोटाने दाबत. टपकन. मग बोट क्षणभर हवेत तसंच राही, जणू प्रेक्षकांकडून काही यायचं बाकी आहे.

"तुझी इंग्लिश फर्स्ट क्लास आहे, बेटा," ते म्हणत. "फिनिशिंग नाही."

फिनिशिंग कोणाचंच नव्हतं. कॅन्टीनच्या पोह्यांना नव्हतं, ट्रेनरच्या शिट्टीला नव्हतं, अध्यक्षांच्या मुलाच्या लग्नातल्या जेवणालाही नव्हतं. संत्र्यांच्या दिवसांत शिपाई टेबलावर संत्री सोलून ठेवायचा. साहेब प्रत्येक फोडीवरची शेवटची पांढरी शीर काढायचे आणि फोड पाहुण्यांपुढे धरायचे, "घ्या, माझ्या हातची."

क्लब त्यांनी उभा केला नव्हता, हे सांगायला नकोच. तो उभा केला होता शाळेत पीटी शिकवणाऱ्या एका म्हाताऱ्या सरांनी. जाळ्या शिवण्यापासून पोरांच्या आयांची समजूत काढण्यापर्यंत सगळं त्यांनी वर्षानुवर्षं केलं. मग अध्यक्षांसारखा पाठीराखा मिळाला, बक्षिसं येऊ लागली, वर्तमानपत्रात नाव येऊ लागलं. चेंडू रेषेवर होता. साहेब आले.

ते सर वारले तेव्हा त्यांच्या घरी पाठवायचं पत्र मी लिहिलं. ते लिहिताना मला रडू आलं होतं. साहेब मागून आले, चष्मा न लावता वाचलं, म्हणाले, चांगलं आहे, फिनिशिंग नाही. शेवटी घाल, आगामी हंगामासाठी क्लबतर्फे हार्दिक शुभेच्छा. मी मान वर करून पाहिलं. त्यांना वाटलं मला शब्द कळला नाही, म्हणून त्यांनी तो परत सांगितला. मग टपकन बटण दाबलं. सरांच्या मुलीने उत्तरात फक्त 'धन्यवाद' लिहिलं. ते उत्तर साहेबांनी मला दाखवलं, बघ, असं.

साहेबांचा हात लागल्यावर त्या कामाला परत कोणी हात लावायचा नाही, हा नियमाचा दुसरा अर्धा भाग होता. तो एका सकाळी ठरला. स्पर्धेआधी काका चुन्याने मैदानाच्या रेषा आखत होते. शेवटचा हातभर तुकडा साहेबांसाठी ठेवला होता. साहेबांनी चुन्याची गाडी ढकलली, माझ्या कॅमेऱ्याकडे बघत, आणि कोपऱ्याशी रेषा दुधी भोपळ्यासारखी वाकली. ते गेल्यावर काकांनी पायाने चुना पुसला आणि सरळ आखली. साहेब पाणी प्यायला परत आले होते, त्यांनी पाहिलं. सीनियर टीम ओळीत उभी असताना ते काकांना म्हणाले, "माझ्यानंतर तू? कोलकात्यात माझ्यानंतर कोणी बॉलला पाय लावत नसे." काकांनी परत चुना पुसला आणि रेषा परत वाकडी आखली. स्पर्धा त्या वाकड्या रेषेवर झाली. तिथे थ्रो-इनवरून दोनदा भांडण झालं.

त्या दिवसापासून साहेबांचा हात लागलेलं काहीही देवळातल्या नारळासारखं झालं. बघायचं, हलवायचं नाही.

आता आचलबद्दल. आमच्या मुलींच्या टीमची ती कीपर. कोराडीच्या कॉलनीतून बसने यायची, बरोबर आई. वडील तिथल्या वीज प्लांटवर ठेकेदाराकडे कामाला. तिच्या ग्लोव्ह्जचा मूळ रंग कोणता होता हे विचारलं तर ती हसायची, आता ते राखेच्या रंगाचे झाले होते. मुलींना मैदान मंगळवारी आणि शुक्रवारी सकाळी मिळायचं. हे दोन दिवस त्या म्हाताऱ्या सरांनी अध्यक्षांकडून मागून घेतलेले. सर गेल्यावर त्यांच्याच एका जुन्या विद्यार्थिनीने सराव चालू ठेवला होता. गावात मुलींना खेळायला दुसरं मैदान नव्हतं, निदान या मुलींना कोणी दिलं नव्हतं. आणि साहेबांना नेमके तेच दोन दिवस हवे होते. त्यांना स्वतःच्या नावाने स्ट्रायकर अकॅडमी काढायची होती. बॅनरचा नमुनाही माझ्याकडून करून घेतला होता. त्यात त्यांचाच फोटो तीन वेळा होता.

एका शुक्रवारी ते मुलींच्या सरावाला आले. पाहुणे होते बरोबर. साहेबांनी बूट काढले आणि सॉक्सवरच पेनल्टीच्या जागी उभे राहिले. खरं सांगायचं तर त्या क्षणी ते वेगळेच दिसले. पोट आत गेलं, खांदा उतरला, डोळे डावीकडे गेले आणि पाय उजवीकडे. तो सॉक्समधला पाय काय सुंदर फिरला. मी पाहत राहिले. चेंडू उजव्या कोपऱ्यात, खाली, जाणारच होता.

आचलने तो अडवला. डोळ्यांकडे तिने पाहिलंच नव्हतं, असं तिने मला नंतर सांगितलं. पीटीचे सर म्हणायचे, स्ट्रायकरचं तोंड बघायचं नाही, कंबर बघायची.

मुली ओरडल्या. पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं ठरवून केलंय. साहेब हसले. मग वाकून कंगवा शोधू लागले, तो गवतात पडला होता, आणि उठताना म्हणाले, "रेषेच्या आत होता."

"बाहेर होता, सर," आचल म्हणाली. नम्रपणे. चेंडू अजून तिच्या पोटाशी होता आणि ती रेषेच्या चांगलीच पुढे होती.

"आत होता," साहेब म्हणाले. तो गोल त्यांनी कुठे मोजला मला माहीत नाही, पण दुपारी ऑफिसात ते पाहुण्यांना म्हणत होते की पोरगी चांगली आहे, एक गोल खाल्ला पण चांगली आहे. त्यानंतर त्यांनी तिचं नाव घेतलं नाही. 'ती कोराडीवाली' म्हणत.

तर, नवे गोलपोस्ट. त्या दिवशी साहेब आले तेव्हा ऊन डोक्यावर आलं होतं. ते गाडीतून उतरले, वाकले, कंगवा, केस, परत सॉक्स. काकांनी पाना उचलून हातात दिला. साहेब बोल्टशी उकिडवे बसले, पण तिथून त्यांच्या तोंडावर पोस्टची सावली येत होती. मग ते दुसऱ्या बाजूने बसले, हात लांब करून पाना बोल्टवर टेकवला आणि मान वर करून हसले. मी फोटो काढला. "अजून एक," ते म्हणाले. मी अजून एक काढला. दोन्ही फोटोंत पाना बोल्टला जेमतेम टेकलेला आहे. त्यांनी तो फिरवला नाही. ते उठले, गुडघा धरला, पाना काकांकडे दिला आणि फोटोखाली काय लिहायचं ते मला सांगून गेले. 'नव्या गोलपोस्टचा शेवटचा बोल्ट साहेबांच्या हस्ते.' तो फोटो क्लबच्या पेजवर कितीतरी दिवस सगळ्यात वर होता.

काकांनी पाना हातात घेऊन बोल्टकडे पाहिलं. वेल्डरने काकांकडे पाहिलं. मग काकांनी पाना पेटीत ठेवला.

वैशाख होता. आमच्याकडे त्या दिवसांत सकाळीही कधी अचानक वावटळ उठते, धूळ, पानं, प्लास्टिकच्या पिशव्या सगळं एकदम मैदानभर पळायला लागतं. पोस्ट लागल्यावर काही आठवड्यांनी एका मंगळवारी तसंच झालं. मैदानाला पहाटे पाणी मारलेलं होतं, काळी माती लोण्यासारखी झाली होती. सराव संपून मुली सावलीकडे निघाल्या होत्या. मी पेजसाठी त्यांचे फोटो काढत होते. आचल पोस्टसमोर, पाठ जाळीकडे करून उभी होती आणि दातांनी ग्लोव्हचा पट्टा सोडवत होती. दुसऱ्या हातात पाण्याची बाटली. वारा मागून आला, जाळी शिडासारखी फुगली, मागची पट्टी एका टोकाने उचलली गेली, दुसऱ्या टोकाची खुंटी चिखलातून उपटून आली, आणि तो पांढरा चकचकीत पोस्ट पुढे वाकला. मुली ओरडल्या. आचलने वळून पाहिलं, बाजूला उडी घेतली. डोकं वाचलं. वरची दांडी खांद्यावर आली.

गळ्याखालचं, हासळीचं हाड मोडलं. काकांनी नंतर गवतात बोल्ट शोधला. तो पोस्टपासून बराच लांब पडला होता, म्हणजे कधीच निघाला होता.

चार-पाच दिवसांनी ऑफिसात बैठक झाली. गॅलरीखालची आमची ती खोली, कूलर धडधडत होता, त्यामुळे सगळ्यांना जरा मोठ्याने बोलावं लागत होतं. अध्यक्ष आणि समितीचे दोघे टेबलाशी. आचल आणि तिची आई समोरच्या प्लास्टिकच्या खुर्च्यांवर, आचलचा हात झोळीत. काका भिंतीशी. मी कोपऱ्यात माझ्या कॉम्प्युटरपुढे. साहेब दाराच्या चौकटीला खांदा टेकवून.

आईने बोलायला सुरुवात केली ती भांडायच्या सुरात नाही. तिला एवढंच विचारायचं होतं की पोरगी परत खेळू शकेल तेव्हा तिची जागा राहील ना. राज्याच्या निवड चाचणीला आचलला बोलावणं आलं होतं, आणि तिथे क्लबचं पत्र लागतं. क्लबच नसेल तर पत्र कोण देणार, असं बसमध्ये कोणीतरी तिच्या मनात भरवलं होतं.

अध्यक्षांना भलतीच काळजी होती. पोस्ट त्यांच्या कारखान्यातला. त्यांनी काकांना विचारलं की बोल्ट कसला होता की नव्हता. काका म्हणाले, बाकीचे सगळे आम्ही कसले. त्यांची नजर दाराकडे गेली आणि जमिनीवर आली.

"मग तो कोणी कसला?" अध्यक्षांनी विचारलं.

उत्तर खोलीतल्या प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये होतं, कंगवा फिरवलेलं आणि हसणारं. पण पगार ज्याच्या सहीने निघतो त्याचं नाव तोंडातून निघत नाही.

साहेब दारापासून सुटले. वेळ त्यांनी बरोबर साधली होती.

"मी पाना नुसता धरला होता, फोटोपुरता," ते म्हणाले. "कसण्याचं काम ग्राउंडवाल्यांचं."

एखाद्या गोष्टीला आपण शेवटचा हात लावला नाही असं त्यांना म्हणताना मी त्या ऑफिसात आल्यापासून प्रथमच ऐकलं.

"पण मुद्दा बोल्टचा नाहीच," ते पुढे म्हणाले. "पोरगी दांडीला लटकली होती. झोका घेत होती. या मुलींना मी किती वेळा सांगितलं. पोस्ट एकदम ए-वन आहे, अध्यक्षसाहेब, कळमेश्वरचा माल आहे. माणूस लटकला तर कोणताही पोस्ट पडेल."

अध्यक्षांच्या खांद्यावरून काहीतरी उतरल्यासारखं दिसलं. समितीच्या दोघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"थे लटकली नाही, साहेब," आई म्हणाली. "माही पोरगी काहून लटकंल? लहान हाये का थे?"

"तुम्ही होत्या का तिथं, ताई?"

आई नव्हती. ती गेटशी उसाचा रस विकणाऱ्या बाईजवळ बसली होती. तिने पदराने कपाळ पुसलं.

"आणि तुम्ही होता का?" तिने विचारलं. साहेबांनी ते ऐकलं नाही. ते अध्यक्षांकडे वळले होते आणि सांगत होते की मुलींचा सराव बंद करावा, जोखीम कशाला, मंगळवार-शुक्रवार रिकामे झाले तर अकॅडमीचा विचार करता येईल. जिल्ह्याच्या संघटनेला आजच पत्र जावं, म्हणजे उद्या कोणी आपल्याकडे बोट दाखवायला नको. अध्यक्ष म्हणाले, लिहा. मग त्यांनी आचलकडे न बघता तिच्या आईला सांगितलं की औषधाचं क्लब बघेल, काळजी करू नका.

"औषध नाही मांगून राहिली मी," आई म्हणाली. "तिच्या नावावर हे नका लावू. उद्या कोन घेईल तिले?"

साहेब सांगत गेले आणि मी टाइप करत गेले. मला वाक्यं आठवतात, कारण ती इंग्रजीत मलाच नीट करावी लागली. खेळाडूच्या निष्काळजीपणामुळे घडलेल्या अपघातानंतर, सुरक्षेच्या कारणास्तव, मुलींचा विभाग तूर्त बंद. खेळाडूचं नाव, वय. मी नाव टाइप करत असताना आचल खुर्चीतून उठून माझ्या टेबलाशी आली. तिला इंग्रजी वाचता येत होतं. तिने पडद्यावर स्वतःचं नाव पाहिलं.

"मॅडम, तुम्ही होत्या ना तिथं," ती हळूच म्हणाली. कूलरमुळे बाकी कोणाला ऐकू गेलं नसावं. तिच्या डाव्या हातात, त्या एका चांगल्या हातात, तिने ग्लोव्ह्ज धरले होते. ते तिने का आणले होते कोण जाणे.

"झालं का, बेटा?" साहेब मागून आले. त्यांच्या अत्तराचा वास आला. ते माझ्या खांद्यावरून वाकले, चष्मा न लावता वाचल्यासारखं केलं आणि शेवटी एक वाक्य घालायला सांगितलं, क्लब सर्व खेळाडूंच्या उज्ज्वल भविष्याची कामना करतो. ते मी घातलं नाही. त्यांच्या ते लक्षातही आलं नाही. त्यांचं बोट माझ्या डोळ्यांसमोरून खाली येत होतं, नख नीट कापलेलं, एंटरच्या दिशेने.

मी कीबोर्ड माझ्याकडे ओढला. त्यांचं बोट टेबलाच्या काचेवर पडलं.

"काय झालं?" साहेब म्हणाले.

खोलीतले सगळे माझ्याकडे बघत होते, अध्यक्षसुद्धा, आणि त्यांना माझं नाव आठवत नाहीये हे त्यांच्या तोंडावरून दिसत होतं. मी उभी राहिले, कारण बसून माझा आवाज निघाला नसता. इंग्रजीत म्हणायचं ठरवलं होतं, पण आचलची आई समोर होती.

"आचल लटकली नव्हती, मी तिथे होते," मी म्हणाले. "त्या बोल्टला शेवटचा हात तुमचा लागला होता, सर. तुमच्याच नियमाने तो तुमच्या नावावर लागतो, तिच्या नाही."